निफाडची थंडी, कसाऱ्याचा पाऊस आणि हातमोज्यांची एक जोडी

प्रश्न : मी निफाडला राहते आणि नाशिकमधील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. सकाळची पाळी सातची असल्यामुळे हिवाळ्यात अंधार असतानाच 160 सीसीच्या मोटारसायकलवर निघावे लागते. डिसेंबर-जानेवारीत चांदोरी येईपर्यंत बोटे इतकी बधिर होतात की क्लच पूर्ण दाबला गेला आहे की नाही, हेही कळत नाही. उजव्या हाताची मधली दोन बोटे तर पांढरीफटक पडतात आणि लॅबमध्ये पोहोचल्यावर बराच वेळ ठणकतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदोनदा माहेरी, कल्याणला, कसारा घाटातून गाडीनेच जाते. माझ्याकडे चामड्याचे हातमोजे आहेत. ते घाटात चिंब भिजतात, हातांना काळा रंग लागतो, दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि आता तर कडक झाले आहेत. रस्त्यावरून घेतलेल्या लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो. माझे धाकटे दीर जर्मनीत असतात. ते म्हणतात, "वहिनी, इकडचे जाड विंटर वॉटरप्रूफ पाठवतो, एका जोडीत दोन्ही कामे होतील." यजमानांचे म्हणणे असे की दोन ऋतूंसाठी दोन वेगळ्या जोड्या घ्याव्यात. माझा हात लहान आहे आणि दुकानात बहुतेक मापे पुरुषांचीच असतात. खर्च पाच हजारांच्या आत बसवायचा आहे. काय घ्यावे?

उत्तर : सुरुवात तुमच्या दिरांच्या सूचनेपासून करतो. त्यांचा सल्ला तिकडच्या हवेला धरून अगदी बरोबर आहे, आणि नेमकी अडचणही तीच आहे. जर्मनीत नोव्हेंबरपासून पुढे जो पाऊस पडतो तो पुष्कळदा चार-पाच अंश तापमानात पडतो. म्हणजे थंडी आणि ओल तिथे एकाच वेळी हातावर येतात, आणि म्हणूनच युरोपातील कंपन्या जाड अस्तर आणि पाणी अडवणारा पडदा एकाच हातमोज्यात शिवतात. आपल्याकडे या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऋतूंत येतात. निफाडची थंडी कडाक्याची असते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 5 अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचतोच, पण ती थंडी कोरडी असते. फार तर गोदावरीच्या काठाने धुके आणि दव यांचा ओलावा असतो. कसारा-इगतपुरीचा पाऊस मात्र विशी-पंचविशीच्या अंशांतला असतो. त्या हवेत जाड अस्तराचे हातमोजे घातले, तर पंधरा मिनिटांत हात आतून घामाने ओला होतो, आणि मग बाहेरून पाणी आत आले नाही तरी त्याचा उपयोग उरत नाही.

यजमानांची सूचना तत्त्वतः योग्य आहे. परंतु पाच हजारांत दोन चांगल्या जोड्या बसवायला गेलात, तर दोन्ही निम्म्या दर्जाच्या मिळतील. माझे मत असे की तुम्ही पाणी अडवणारा पडदा असलेली, पण अस्तर पातळ असलेली एकच जोडी घ्यावी, हिवाळ्यासाठी तिच्या आत घालायचे पातळ हातमोजे (पुढे त्यांनाच मी आतले किंवा पातळ मोजे म्हणेन) वेगळे घ्यावेत, आणि उरलेल्या पैशांतला काही भाग हातमोज्यांवर न घालवता गाडीच्या हँडलवर घालवावा. असे का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगतो.

थंडीत गाडी चालवताना हाताचा खरा शत्रू तापमान नसून वारा असतो. त्वचेलगत हवेचा एक पातळ, शरीराच्या उष्णतेने कोमट झालेला थर असतो आणि तो जागेवर आहे तोवर आपल्याला ऊब वाटते; वारा तो थर सतत खरवडून नेतो. वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला किती गार वाटते, याचे जे सूत्र हवामानशास्त्रात वापरतात, त्यानुसार 8 अंश तापमानात ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे 2 अंशांइतके गार वाटते, आणि 5 अंशांत तेच शून्याच्या खाली, उणे 2 च्या आसपास जाते. हे सूत्र चेहऱ्याच्या त्वचेसाठी बसवलेले आहे. बोटांची स्थिती त्याहून वाईट असते, कारण हँडलवरची बोटे वाऱ्याच्या तोंडावरच असतात, त्यांत स्नायू जवळजवळ नसतात, आणि आकाराच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग फार मोठा असल्यामुळे ती उष्णता झपाट्याने गमावतात. शिवाय शरीर थंडावू लागले की हृदय, फुप्फुसे यांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या टोकांकडचा रक्तपुरवठा आधी आवळला जातो. त्यामुळे छाती आणि मनगटे उघडी ठेवून कितीही महाग हातमोजे घातले तरी बोटे गारच राहतात. निफाडहून निघताना स्वेटरवर वारा न शिरणारे जॅकेट, गळ्याला बफ किंवा मफलर आणि मनगट झाकणारी बाही, एवढे आधी पक्के असू द्या.

लोकरीचे हातमोजे का कमी पडले, तेही यातूनच कळेल. लोकर ऊब धरते ती तिच्या विणीत अडकलेल्या हवेमुळे, आणि बाहेरून अडवणारे काही नसले तर ती हवाच वारा पळवून नेतो. पाणी अडवणाऱ्या पडद्याची गोष्ट इथे कामी येते. जो पडदा पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, तो वाराही आत येऊ देत नाही. म्हणून पावसासाठी घेतलेली पातळ जोडी हिवाळ्यात वारारोधक कवच म्हणून वापरता येते आणि त्याच्या आत तीच लोकर, किंवा मेरिनो लोकरीचे अथवा रेशमाचे पातळ मोजे, आपले काम नीट करतात. जाडी वाढवून ऊब मिळवण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण जाडीची किंमत पैशांत मोजावी लागत नाही, बोटांच्या हालचालीत मोजावी लागते. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. समोर उसाची ट्रॉली अचानक थांबली आणि जाड हातमोज्यामुळे बोटे ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोहोचायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर आठ मीटर गेलेच म्हणून समजा. बधिर बोटांनीही हेच होते. निफाडच्या थंडीत बोटे गोठून कायमची इजा होण्याचे भय नाही; भय आहे ते बोटांना लिव्हरचा अंदाज न येण्याचे.

आता हा पडदा म्हणजे काय, ते पाहू. बाहेरचे कापड किंवा चामडे आणि आतले अस्तर यांच्या मधोमध एक अतिशय पातळ थर असतो. गोर-टेक्स हे नाव तुम्ही ऐकले असेल; हिपोरा हे आणखी एक नाव आपल्याकडच्या हातमोज्यांवर वारंवार दिसते, आणि अनेक कंपन्या स्वतःच्या नावाने असेच पडदे वापरतात. त्याची छिद्रे किंवा घडण अशी असते की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. मात्र वाफ बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच. श्रावणात घाटामध्ये बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे वाफेला जायला वाव राहत नाही आणि चांगल्या प्रतीच्या हातमोज्यातही हात थोडा दमट वाटतो. हे पुष्कळांना माहीत नसते. हात ओलसर लागला की हातमोजा गळतो असे समजून ते दुकानदाराशी भांडायला जातात. गळती कोणती आणि घाम कोणता, हे ओळखण्याची साधी खूण अशी की घाम सगळ्या तळव्यावर सारखा जाणवतो, तर गळती बहुधा दोन बोटांमधल्या बेचक्यात, बोटाच्या टोकाला किंवा मनगटाशी एखाद्या जागी सुरू होते आणि तिथे गार लागते.

दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडदा आत असतो, बाहेरचे कापड पाणी पिऊ शकते. नव्या हातमोज्यावरून पाण्याचे थेंब ओघळून जातात ते वरच्या रासायनिक लेपामुळे, आणि हा लेप वापराने उतरतो. तो उतरला की बाहेरचे कापड भिजून जड होते, वाऱ्याने ते पाणी सुकताना हाताची उष्णता ओढून घेते, आणि हात कोरडा असूनही गार पडतो. पाणी हवेपेक्षा उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते, हे ध्यानात घेतले म्हणजे बावीस अंशांच्या पावसातही दोन तासांनी बोटे का वळत नाहीत, याचे आश्चर्य वाटत नाही. बुटांसाठी किंवा रेनकोटसाठी जो पाणी झटकणारा फवारा मिळतो, तो दर पावसाळ्याच्या आधी हातमोज्यांवरही मारता येतो.

चामड्याबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलेले नाही, तरी तुमचा अनुभव सांगून गेलात. रस्त्यावर घासटले जाण्यापासून हात वाचवण्यात चामड्याला अजून तोड नाही, आणि बकरीचे चामडे पातळ असूनही टिकाऊ असल्यामुळे हातमोज्यांना उत्तम. परंतु पाऊस हे त्याचे काम नव्हे. ओले चामडे ताणले जाते, वाळताना आकसते, उष्णतेजवळ वाळवले तर त्यातले तेल निघून जाऊन कडक होते; रंग जातो तो बहुधा स्वस्त रंगणीमुळे. तुमची जोडी कडक झाली आहे, पण तडकली नसेल तर टाकू नका. स्वच्छ पुसून, सावलीत पूर्ण वाळवून चामड्याचे कंडिशनर दोनतीन वेळा जिरवा आणि फेब्रुवारी ते मे ती वापरा. नव्या जोडीत तळव्याला चामडे आणि पाठीमागे कापड, अशी मिश्र बांधणी मिळाली तर ती घ्यावी, कारण पडल्यावर जमिनीला आधी लागतो तो तळवा.

आता मापाविषयी बोलू. तुमच्या बाबतीत सर्वांत अधिक वेळ इथेच द्यावा असे मला वाटते, कारण लहान हाताला मोठा हातमोजा घातला की वरचे सगळे गुण वाया जातात. शिंप्याचा टेप घ्या, अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी, तळवा जिथे सर्वांत रुंद असतो तिथून उजव्या हाताचा घेर मोजा, आणि मधल्या बोटाची टोकापासून मुळापर्यंतची लांबीही लिहून ठेवा. स्मॉल, मीडियम ही अक्षरे प्रत्येक कंपनीत वेगळी असतात, त्यामुळे सेंटिमीटरशिवाय दुसऱ्या कशावर विसंबू नका. अनेक कंपन्यांचे पुरुषांचे स्मॉल माप घेराला बसते, पण बोटे लांब पडतात. बायकांच्या मापाचे मॉडेल उपलब्ध असेल तर आधी ते पाहावे, कारण त्यात तळवा अरुंद आणि बोटे बारीक धरलेली असतात.

दुकानात हातमोजा घातल्यावर हात सरळ ठेवून बघण्यात अर्थ नाही. मूठ वळा, आणि शक्य असेल तर बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीवर बसून हँडल धरा. दुकानदार नाराज झाला तरी चालेल. मूठ वळल्यावर बोटांच्या टोकाशी अगदी थोडी, दोनचार मिलिमीटर, जागा राहावी. टोक घट्ट टेकत असेल तर अस्तर तिथे दाबले जाऊन ऊब नाहीशी होते आणि रक्तही नीट फिरत नाही, म्हणजे घट्ट हातमोजा ढिल्या हातमोज्याइतकाच गार असतो. टोकाशी कापड लोंबत असेल तर ते लिव्हर आणि ग्रिप यांच्यामध्ये सापडू शकते. तळव्यावर सुरकुतीची वळी जमते का पाहा, कारण तासभर ॲक्सिलरेटर धरल्यावर ती वळी ओरखड्यासारखी बोचते. मग इंडिकेटर डावीकडे टाकून परत मध्ये आणून पाहा, हॉर्न वाजवा, डिपर द्या, ब्रेकच्या लिव्हरवर दोन बोटे ठेवून मागचा दिवा विनाकारण पेटत नाही ना ते कुणाला तरी बघायला सांगा. जाड हातमोज्याने लिव्हर नकळत दाबलेले राहते आणि मागच्याला तुमचा दिवा सतत लागलेला दिसतो, मग खऱ्या ब्रेकच्या वेळी त्याला काही कळत नाही. तुम्ही आत पातळ मोजे घालणार आहात, म्हणून ही सगळी तपासणी ते घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारे करा. ते मोजे खरोखर पातळ असावेत; जाडसर लोकर आत कोंबली तर पुन्हा घट्टपणाची तीच अडचण उभी राहते. लहान हाताला लिव्हर मुळातच लांब पडत असेल तर मेकॅनिककडून क्लचचे फ्री प्ले (लिव्हरची सुरुवातीची मोकळी हालचाल) आणि लिव्हरचा कोन तुमच्या हाताप्रमाणे लावून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.

घातल्यानंतर मनगटाचा पट्टा आवळा आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोके धरून हातमोजा जोराने ओढा. तो निघून आला तर मागे ठेवून द्या, मग त्यावर कितीही वॉटरप्रूफ लिहिलेले असो. पडताना माणूस सहजच हात पुढे करतो. हातमोजा त्याच क्षणी निसटणार असेल तर तो घालून काय उपयोग? तळव्याच्या टाचेशी, अंगठ्याच्या बुडाकडे, कठीण प्लास्टिकची चकती किंवा दुहेरी चामडे असावे, म्हणजे हात जमिनीत रुतण्याऐवजी घसरतो. मनगटातले अंगठ्याखालचे छोटे हाड अशा पडण्यात मोडते आणि त्याचा रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे ते सांधायला फार वेळ घेते. पेरांवरचे कठीण कवच हवेच, पण ते मूठ वळताना टोचू नये.

संरक्षणाची युरोपीय खूण ईएन 13594 ही आहे. 2015 च्या आवृत्तीप्रमाणे हातमोज्याच्या आतल्या चिठ्ठीवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, त्याखाली 1 किंवा 2 हा स्तर, आणि पेरांच्या कवचाची चाचणी झाली असेल तर केपी ही अक्षरे असतात. तळव्याचे घर्षण सोसण्याची किमान अट पहिल्या स्तराला 4 सेकंद आणि दुसऱ्याला 8 सेकंद आहे. रोजच्या वापराला पहिला स्तर पुरे. आपल्याकडे हेल्मेटला जशी आयएसआय खूण आणि कायद्याची सक्ती आहे तशी हातमोज्यांना नाही, त्यामुळे ही चिठ्ठी असणे हाच खरेदीदाराला मोठा आधार. मात्र ती खूण पडल्यावरच्या बचावाची आहे. पाणी किती अडेल, हे तिच्यावरून ठरवू नका.

पाण्याची परीक्षा दुकानात पुरती घेता येत नाही, पण थोडी घेता येते. हातमोज्याचे मनगट गुंडाळत आणा, आत हवा कोंडू द्या आणि बोटे दाबा; पडदा धड असेल तर बोटे फुगलेली राहतात, एखाद्या शिवणीतून हवा सुटत असेल तर गालाजवळ धरल्यावर जाणवते. त्याबरोबर हात आत घालून अस्तर चिमटीत धरून हलकेच ओढून पाहा. अस्तर बाहेरच्या कापडाला बोटांच्या टोकाशी पक्के केलेले नसेल, तर ओला हात बाहेर काढताना ते मोज्यासारखे उलटे होऊन बाहेर येते आणि मग पुन्हा बोटांत बसता बसत नाही. कसाऱ्यात चहाला थांबून हात पुसला, आणि पुन्हा हातमोजा घालायला गेलात तर करंगळीचे अस्तर गुंडाळी होऊन मध्येच अडकलेले, अशी फजिती होते. म्हणून काढतानाही मनगटाकडून खेचू नये. एकेका बोटाचे टोक धरून थोडे थोडे सैल करावे आणि पुन्हा घालण्याआधी हात कोरडे पुसावेत.

वॉटरप्रूफ आणि वॉटर-रेझिस्टंट या दोन शब्दांत दुकानदार फरक करीत नाहीत, तुम्ही करा. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की रिमझिम थोडा वेळ सोसेल. पडद्याचे नाव चिठ्ठीवर असेल तरच तो हातमोजा घ्यावा. डाव्या तर्जनीवर किंवा अंगठ्यावर रबराची बारीक पट्टी शिवलेली मिळाली तर सोन्याहून पिवळे, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवरून हलवता येत नाही आणि हेल्मेटची काच पुसायचे काम डाव्यालाच करावे लागते.

पावसात मनगटाचे काय करावे, यावर मोटारसायकलवाल्यांत कायमचा वाद आहे. तुमच्या गाडीवर बसताना कोपरापासून हात खाली उतरतो, त्यामुळे बाहीवरून ओघळणारे पाणी थेट हातमोज्यात जाते. म्हणून हातमोज्याचे मनगट आत आणि रेनकोटची बाही वर, असा क्रम ठेवा आणि बाहीचा पट्टा आवळा. याचाच अर्थ असा की फार रुंद, लांब मनगटाचे हातमोजे घेऊ नयेत, कारण ते बाहीखाली मावत नाहीत. रुंद मनगटाचे हातमोजे बाहीवर चढवून मिरवणारे पहिल्या सरीनंतर हात झटकताना दिसतात, ते उगीच नव्हे.

आता हँडलवरचा खर्च. हाताच्या पुढे बसवायचे प्लास्टिकचे हँडगार्ड बहुतेक गाड्यांना बसतात आणि हजाराच्या आसपास, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळतात. ते वारा आणि पावसाचा मारा बोटांवर थेट येऊ देत नाहीत, आणि हिवाळ्यातल्या तुमच्या तक्रारीचा मोठा भाग एवढ्यानेच कमी होईल असा माझा अंदाज आहे. बसवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते टाकीला किंवा केबलला लागत नाहीत, हे पाहा. उत्तरेकडे थंडीत हँडलवर चढवतात ती कापडी, पिशवीसारखी कव्हरे याहूनही उबदार असतात. पण त्यांत हात आत घालून बटणे चाचपावी लागतात आणि गाडी पडताना हात अडकू शकतो, म्हणून महामार्गासाठी मी ती सुचवणार नाही. गरम होणाऱ्या ग्रिपांचा मोह टाळा, कारण त्या तळवा तापवतात, वाऱ्याकडची बाजू गारच राहते, आणि 160 सीसीच्या गाडीच्या बॅटरीवर तेवढा भार टाकण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारावे लागेल.

घाटात एखाद्या दिवशी पावसाची झडच लागली आणि हातमोज्याने हार मानली, तर बॅगेत भांडी घासण्याचे रबरी हातमोजे एक माप मोठे असे ठेवा आणि ते वरून चढवा. दिसायला विचित्र, पण चालते, आणि रबराची पकडही चांगली असते. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र कधीही हातांवर बांधू नका. त्या लिव्हरवर सरकतात. तुमच्या लॅबमधले नायट्राइलचे हातमोजे आत घालण्याची कल्पना तुम्हाला सुचली असेलच. तासाभराच्या अंतरापुरती ती ठीक आहे. पुढे घाम साचून बोटांच्या कातडीवर सुरकुत्या पडतात.

बोटे पांढरी पडण्याविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मी हातमोज्यांच्या प्रश्नात मिसळू देणार नाही. थंडीत ठरावीक बोटेच पांढरीफटक पडणे, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकणे, या लक्षणांचे वर्णन मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये केले आणि त्यालाच रेनॉचा विकार म्हणतात. तो बायकांमध्ये अधिक आढळतो आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतो, पण कधीकधी त्यामागे दुसरा आजार असतो. तुम्हाला तोच आहे असे मी म्हणत नाही. डॉक्टरांना एकदा दाखवा, बोटे पांढरी असतानाचा फोटो काढून ठेवलात तर त्यांना निदानाला मदत होईल. तोवर लॅबमध्ये पोहोचल्यावर हात एकदम गरम पाण्याखाली धरू नका, कारण बधिर बोटांना चटका कळत नाही. हात काखेत धरून किंवा कोमट पाण्यात हळूहळू ऊब द्या.

पैशांचा हिशेब असा बसतो. पडदा, पेरांचे कवच आणि नीट मनगटपट्टा असलेली भारतीय बनावटीची जोडी साधारण अडीच ते चार हजारांत मिळते. रायनॉक्स, व्हायाटेरा, बीबीजी, रॉयल एनफिल्ड ही नावे नाशिक-पुण्याच्या दुकानांत हाताळून पाहता येतात, आणि मी ती केवळ शोध कुठून सुरू करावा यासाठी देतो आहे. आतले पातळ मोजे काही शेकड्यांत येतात, आणि हँडगार्डचे पैसे उरतात. ऑनलाइन शंभर-दोनशे रुपये वाचतील, पण लहान हाताच्या माणसाने पहिली जोडी तरी घालून पाहूनच घ्यावी. खरेदी मेच्या अखेरीस करा, कारण पाऊस सुरू झाला की लहान मापे आधी संपतात.

भिजलेली जोडी घरी आल्यावर सायलेन्सरवर, गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरखाली ठेवू नका. कोरड्या फडक्यात दाबून पाणी काढा, बोटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने ते बदला आणि पंख्याखाली बोटे वर करून टांगा. पिळू नका, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. पावसाळाभर कपाटात बंद ठेवलीत तर पांढरी बुरशी धरेल, म्हणून ती खुंटीवर मोकळीच असू द्या.

राहता राहिले दीर. त्यांना नाही म्हणण्याची गरज नाही. त्यांना तुमच्या तळव्याचा घेर आणि मधल्या बोटाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा, आणि जाड विंटरऐवजी बायकांच्या मापाचे, पडदा असलेले, उन्हाळी किंवा मधल्या हवेचे मॉडेल मागवा. तिकडे अशी मॉडेल मिळतात, आणि त्यांच्या आतल्या चिठ्ठीचा फोटो आधी पाठवायला सांगा. ते पसंत पडले आणि माप जुळले, तर तुमच्या पाच हजारांतून हँडगार्ड, आतले मोजे आणि एक बरे वारारोधक जॅकेट यांची सोय होईल. माप जुळण्याची खात्री नसेल तर मात्र त्यांना आत घालायचे मेरिनो लोकरीचे पातळ हातमोजे दोन जोड पाठवायला सांगा, आणि हातमोजे तुम्ही नाशिकमध्येच, गाडीवर बसून, पारखून घ्या.